लाखाचे टॉवर स्पीकर आणि गावातली खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा, चंद्रपूर इकडच्या गावांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. महाग स्पीकर कसा वाजतो याचं वर्णन बहुतेक वेळा गालिचा आणि जाड पडदे असलेल्या शहरी खोलीत बसून लिहिलेलं असतं. टिनाचं छत, शहाबादी फरशी, कूलर आणि १८० व्होल्ट यांचा हिशेब त्यात नसतो. तो इथे आहे. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टॉवर स्पीकर म्हणजे नेमकं काय? छोट्या बॉक्सपेक्षा जास्त काय मिळतं?

थेट जमिनीवर उभा राहणारा, तीन ते चार फूट उंच, साधारण २० ते ४० किलोचा स्पीकर. वर बारीक, उंच सुरांचा ट्विटर, त्याखाली मधले सूर वाजवणारा कोन, खाली जाड सुरांचे एक-दोन वूफर आणि आत आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर. जास्त मिळतं ते मुख्यतः खालच्या सुरांत. शेल्फवरचा चांगला बॉक्स ५०-६० हर्ट्झच्या (सुराच्या उंचीचं माप, आकडा लहान तितका सूर खालचा) खाली थकतो, टॉवर ३०-४० पर्यंत उतरतो आणि मोठ्या आवाजातही त्याला धाप लागत नाही. गाणाऱ्याचा गळा मात्र त्याच कंपनीच्या छोट्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा तितकाच सुंदर असतो. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

२. आमचं ऐकणं भजन, अभंग, नाट्यगीत आणि जुनी सिनेमाची गाणी. आम्हाला टॉवर लागतो का?

बरेचदा नाही. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. डग्ग्याचा घुमारा साधारण त्याच्या आसपास किंवा वरच असतो. म्हणजे या संगीतात ४० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच नाही. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते, आणि नव्या सिनेमासंगीतातला यंत्राचा बास त्याहून खाली जातो. ते ऐकणार असाल तर टॉवरचा उपयोग आहे. खोली १० बाय १२ फुटांची आणि ऐकणं भजनाचं असेल, तर त्याच पैशात वरच्या दर्जाचा स्टँडवरचा बॉक्स घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. १२ बाय १५ पासून पुढे टॉवरला श्वास घ्यायला जागा मिळते.

३. नागपूरला ऐकायला जायचं आहे. सोबत काय न्यावं आणि नेमकं काय ऐकावं?

वर्षानुवर्षं कानात बसलेली स्वतःची पाच गाणी पेन ड्राइव्हवर न्या. सीडीच्या दर्जाची फाइल हवी, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. फोनवरून ब्लूटूथनं ऐकून निर्णय घेऊ नका. दुकानातली गाणी त्या स्पीकरला शोभतील अशीच निवडलेली असतात.

पहिलं गाणं खंजिरीचं असू द्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी कशी वाजते हे इथल्या कानाला शिकवावं लागत नाही, आणि स्पीकर पारखायला तिच्यासारखं वाद्य नाही. कातड्यावरची थाप आणि झांजांची किणकिण हे दोन आवाज सुटे ऐकू यावेत, पण एकाच हातातून आल्यासारखे वाटावेत. झांजांचा नुसता चुरचुराट होत असेल तर ट्विटर कडक आहे. थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाटली तर मधला भाग दबलेला आहे.

दुसरं, नुसता तानपुरा. जवारीचा तो मधमाशीसारखा गुंजारव अखंड यायला हवा. मध्येच एखादा पट्टा मंद वाटला तर दोन कोनांचा सांधा नीट जुळलेला नाही. तिसरं, तबला: डग्ग्यावर मनगट घासून सूर वर चढवतात तेव्हा तो चढ सलग ऐकू यायला हवा. एका ठिकाणी अचानक मोठा झाला तर घुमतंय, मग तो स्पीकर असो की खोली. चौथं, बाईचा आवाज, ज्यात स, श, च भरपूर आहेत. अर्ध्या तासानंतर स टोचायला लागला तर घरी वर्षभर टोचेल. पाचवं, जुनं मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो ते. त्यातला गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा वाटला पाहिजे.

एसटीतून उतरल्या उतरल्या ऐकायला बसू नका, कान थकलेले असतात. पंधरा मिनिटं शांत बसा, मग ४० मिनिटं ऐका. स्वतःच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची कागदावर न्या आणि घरी लावून पाहिल्यावर परत घेण्याची अट लिहून मागा.

४. दोन जोड्या ऐकल्या, दुसरी चांगली वाटली. तुलना बरोबर झाली का?

दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला नसेल तर झाली नाही. एक डेसिबल (आवाज किती मोठा याचं माप) मोठा वाजणारा स्पीकर कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दोन जोड्यांच्या संवेदनशीलतेत, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो त्यात, तीन डेसिबलचा फरक सहज असतो, त्यामुळे आवाजाचं बटण त्याच जागी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते. फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्या, बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला सलग सळसळाट) लावा आणि दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालतो, इथे फक्त फरक बघायचा आहे.

मग एकच तुकडा, २०-३० सेकंदांचा, आलटून पालटून. जोडी बदलताना सोबत्यानं सांगू नये कोणती लावली. शक्य असेल तर मध्ये पातळ कापड धरा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी अशाच न दिसणाऱ्या स्पीकरांच्या ऐकण्याच्या चाचण्या वर्षानुवर्षं घेतल्या. नाव आणि किंमत डोळ्यांआड झाली की लोकांच्या आवडी बऱ्याच एकसारख्या निघतात: समोरून सपाट, म्हणजे कोणताही सूर फुगवून किंवा दाबून न देणारा, आणि बाजूनंही गुळगुळीत आवाज देणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. लिहिल्याशिवाय एकमेकांशी बोलू नका. पहिला जो बोलतो त्याचंच सगळ्यांना ऐकू यायला लागतं.

५. "मोकळा", "फुगलेला", "पोकळ", "टोचणारा" असे शब्द वाचतो. त्यांचा अर्थ काय धरायचा?

फुगलेला किंवा घुमणारा म्हणजे साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये एखादा उंचवटा. डग्ग्याच्या सगळ्या थापा एकाच सुरात ऐकू येतात. जाड किंवा डब्यातून आल्यासारखा म्हणजे १५० ते ३०० हर्ट्झ जास्त. पुरुषाचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. नाकातून येणारा म्हणजे ८०० ते १५०० च्या आसपासचा उंचवटा, हार्मोनियमवर लगेच कळतो. टोचणारा म्हणजे २ ते ५ हजार, आणि स-श फुसकारत असतील तर ५ ते ८ हजार. मोकळा या शब्दाला एकच आकडा नाही. वाद्यं एकमेकांना न चिकटता सुटी ऐकू येणं आणि आवाज पेटीला चिकटून न राहणं, या दोन्ही गोष्टी मिळून तो होतो. कुणी स्पीकरचं कौतुक करताना कोणतं वाद्य ऐकलं ते सांगत नसेल तर त्या कौतुकावर फार भिस्त ठेवू नका.

६. दुकानात अजिबात घुमत नव्हतं, गावात आणल्यावर काहून घुमते?

कारण खालचे सूर खोली वाजवते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट अडकून उभी राहते, आणि त्या सुराला खोली ओरडते. हिशेब सोपा आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५७ हर्ट्झ. १२ फुटांचं ४७. १५ फुटांचं ३८, २० फुटांचं २८.

आपल्याकडच्या स्लॅबच्या घरात १० बाय १० ची खोली आणि उंचीही १० फूट, असं सर्रास असतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांनी तोच ५७ हर्ट्झ एकावर एक चढतो. स्पीकर कितीही लाखाचा असू द्या, या चौकोनी डब्यात तो त्याच सुरावर अडखळणार. दुकानाची खोली मोठी होती, बहुधा लांबट होती, आणि तिथे सोफे-गालिचे होते.

उपाय क्रमानं करा. आधी बसायची जागा हलवा: दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तिथे घुमणं सर्वांत जास्त असतं, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बास गायब होतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांशावर बसून बघा. मग स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा (प्रश्न ७). तरी राहिलं तर पाठीमागच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, कंपनीनं दिलेला फोमचा बोळा घाला. नसेल तर पायमोज्यांची घट्ट गुंडाळी चालते. बास थोडा कमी होतो पण आवळतो. शेवटचा उपाय इक्वलायझर, म्हणजे ठराविक सूर कमी-जास्त करायची सोय: यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर वापरून उंचवटा शोधा आणि तेवढाच कापा. खड्डा भरायला जाऊ नका. खड्ड्यात लाटा एकमेकींना खात असतात, तिथे जोर वाढवला की ॲम्प आणि वूफर थकतात आणि खड्डा तसाच राहतो.

७. मग स्पीकर ठेवायचे तरी कुठे?

खोली लांबट असेल तर आखूड भिंतीजवळ ठेवा, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेनं जाईल. सुरुवात अशी करा: पाठ भिंतीपासून २ फूट, बाजूच्या भिंतीपासून किमान दीड फूट, दोघांमध्ये ६ ते ८ फूट आणि तुमच्यापर्यंतही तेवढंच अंतर. बाजूचं आणि मागचं अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर एकाच सुराला दोन्हीकडून जोर मिळतो. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, म्हणजे खुर्चीवर ९० ते १०० सेंटिमीटर.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. आपल्याकडे गाणं ऐकायला माणसं सतरंजीवर खाली बसतात. तिथे कान ७० सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि ट्विटरचा झोत डोक्यावरून जातो, मग आवाज मंद वाटतो. पुढचे पाय थोडे खाली आणि मागचे वर करून स्पीकर किंचित पुढे झुकवा, किंवा चौरंगावर बसा. झुकवलेला स्पीकर लहान पोरांच्या घरात धोक्याचा, तिथे चौरंगच बरा.

त्यानंतर दोन-दोन इंच पुढे-मागे सरकवत मोनो गाणं लावा. गायक मधोमध येऊन ठाम उभा राहिला की जमिनीवर खडूनं खूण करा. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि महागड्या वायरीपेक्षा कितीतरी जास्त देतं.

८. टिनाच्या छताच्या खोलीत चांगला आवाज येऊ शकतो का?

खालचा आवाज उलट बरा येतो. पातळ पत्रा बासला अडवत नाही, बाहेर जाऊ देतो, त्यामुळे स्लॅबच्या खोलीसारखं घुमत नाही. त्रास दोन. पत्रा आणि त्याचे हुक खडखडतात: फोनवरून ३० ते १२० हर्ट्झपर्यंतचा सूर हळूहळू चढवत न्या, कोणता पत्रा कधी बोलतो ते ऐका आणि तिथे हुकाखाली रबरी वॉशर घालून आवळा. दुसरं, वरचे सूर पत्र्यावरून कडक परततात. त्यासाठी पत्र्याखाली एक-दीड फूट सोडून जुनी गोधडी किंवा जाड कापडाचं छत ताणा, उन्हाचा तावही कमी होतो. पावसाळ्यात सरी आल्या की मात्र ऐकणं थांबवावं लागतं, त्याला इलाज नाही. कवेलूचं छत यापेक्षा खूप चांगलं: फटी, उतार आणि ओबडधोबडपणा यामुळे आवाज विखुरतो.

९. जुन्या वाड्यातली बैठक आहे, एक बाजू ओसरीला उघडी. चालेल?

उत्तम. उघडी बाजू म्हणजे लाट परतत नाही. फक्त एक स्पीकर भिंतीजवळ आणि दुसरा उघड्या बाजूला आला तर डावं-उजवं जुळत नाही. उघडी बाजू पाठीमागे किंवा समोर येईल असं बसा.

१०. भिंतींना थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावले तर?

दोन्हींनी काही होत नाही. थर्मोकोलच्या कणांतून हवा आरपार जात नाही म्हणून तो ध्वनी शोषत नाही, ट्रे फार तर अगदी वरचा आवाज थोडा विखुरतात. आपल्या जिल्ह्यांत सर्वांत चांगला आणि जवळचा माल म्हणजे रुई. २ बाय ४ फुटांची, ४ इंच खोल लाकडी चौकट करा. तिच्यात सुमारे २ किलो पिंजलेली रुई सैल पसरा, दोन्ही बाजूंनी मांजरपाट ताणून बसवा आणि गादीसारखे फूट-फूट अंतरावर टाके घाला. टाके नसतील तर वर्षभरात रुई खाली बसते आणि वरचा अर्धा भाग रिकामा होतो. भिंतीपासून ४ इंच पुढे टांगा, मागची पोकळी फुकटात जाडी वाढवते.

कुठे टांगायची? खुर्चीवर बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसतो तिथे. दोन्ही बाजूंना एक-एक आणि पाठीमागे दोन, अशा चार चौकटींत टाळीचा टर्रर्र आवाज जातो आणि स टोचणं थांबतं. ५०-६० हर्ट्झचं घुमणं मात्र याने जाणार नाही, त्यासाठी प्रश्न ६. रुई पेट घेते हे विसरू नका: दिवा, उदबत्ती, स्विचबोर्ड यांच्यापासून तीन फूट लांब ठेवा आणि उन्हाळ्यात दोन दिवस ऊन दाखवा.

११. डिसेंबरमध्ये आवाज सुरेख होता, मार्चमध्ये बिघडला. स्पीकर खराब झाला का?

आधी आठवा, तेव्हा त्या खोलीत कापूस होता का? भाव येईपर्यंत घरात कापसाची गंजी असते, आणि तीन-चार फूट जाडीचा कापूस बाससुद्धा गिळतो. बाजारात चौकट इतकी जाड मिळतच नाही. कापूस विकला की खोली रिकामी होते आणि घुमायला लागते. म्हणून स्पीकर नवा असताना खोलीत कापूस असेल तर जागा पक्की करायची घाई करू नका. आणखी एक: कापसाची तुसं ॲम्पच्या जाळीत जाऊन बसतात, ॲम्प तापतो, आगीचा धोका असतो. कापूस असेल त्या खोलीत ॲम्प चालू ठेवून बाहेर जाऊ नये.

१२. जमीन शेणानं सारवलेली आहे. खालचे अणकुचीदार खिळे लावायचे का?

मातीत नाहीत. ओल आली की ३० किलोचा स्पीकर एका बाजूला रुततो आणि आठवड्याभरात तिरका होतो. दीड बाय दोन फुटांची, इंचभर जाडीची कडप्प्याची लादी वाळूच्या पातळ थरावर बसवा, गवंड्याची लेव्हल लावून बघा आणि त्यावर स्पीकर ठेवा. शहाबादी फरशीवर खिळ्याखाली धातूची चकती हवी, नाहीतर फरशीचा टवका उडतो. खिळ्यांनी आवाजात मोठा बदल होतो असं नाही. स्पीकर डळमळत नाही ही खरी कमाई.

१३. किती वॅटचा ॲम्प घ्यावा? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं.

८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या टॉवरला घरच्या खोलीत ६० ते १०० वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो. जास्त महत्त्वाचं आहे ते ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते माप: अनेक टॉवर ८ ओहमचे म्हणून विकले जातात पण काही सुरांना तीन-साडेतीन ओहमपर्यंत उतरतात. ॲम्प ४ ओहमवर चालतो असं लिहिलेलं हवं.

साध्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प २३० ऐवजी १८० व्होल्टवर चालला की त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, १०० वॅटचे सुमारे ६० उरतात. आवाजात हा फरक दोन डेसिबलचा, म्हणजे कळेल न कळेल इतका. धोका वेगळा आहे: ॲम्प लवकर फाटायला लागतो, आणि फाटलेला आवाज ट्विटर जाळतो. संध्याकाळी आवाज खरखरीत वाटला की लगेच कमी करा. १०० ते २४० व्होल्टचा स्विचिंग पुरवठा असलेला ॲम्प घेतला तर हा प्रश्नच उरत नाही, गावासाठी आम्ही तोच सुचवतो. रिलेचा स्टॅबिलायझर दर टकटकीला स्पीकरमध्ये ठोका देऊ शकतो. सर्व्हो प्रकारचा बरा.

१४. लाइट गेली की इन्व्हर्टरवर गुणगुण येते. आणि एरवीही हलकी हम्म असते.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ५० हर्ट्झबरोबर १५०, २५० असे वरचे सूर येतात आणि ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो. सायन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय.

एरवीची हम्म बहुतेक वेळा अर्थिंगची. ॲम्प, टीव्ही, डिश सगळं एकाच बोर्डावरून घ्या. मग डिशची केबल काढून बघा. हम्म गेली तर ती तिथून येत होती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते, म्हणून मार्च ते जून खड्ड्यात दर आठवड्याला पाणी घाला. अर्थची पिन कापून हम्म घालवायचा सल्ला मिळतो, तो जिवावर बेतू शकतो. रोहिणी-मृगाच्या विजा सुरू झाल्या की प्लग आणि डिश-इंटरनेटच्या केबली हातानं उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

१५. वायर किती महाग घ्यावी?

२.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची बहुतारी वायर, पाच मीटरपर्यंत पुरते. जाऊन-येऊन तिचा अडथळा ०.०८ ओहमच्या आत असतो, ४ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. ती पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात आणि दोन तारा चिकटल्या तर ॲम्प जातो.

१६. नवेच स्पीकर, पण आवाज पातळ, गायक सगळीकडे पसरलेला. बिघाड आहे का?

नव्वद टक्के शंका जोडणीवर घ्या. एका स्पीकरची लाल-काळी उलट झाली की दोघे एकमेकांचा बास खातात आणि मधला आवाज विरतो. एका स्पीकरच्या तारा अदलाबदल करून बघा, बास परतला तर तेच होतं. खात्रीसाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: अधिक टोक लालला लावल्यावर वूफर बाहेर यायला हवा.

मागे चार टर्मिनल असतील तर वरच्या आणि खालच्या जोडीला जोडणारी धातूची पट्टी जागेवर आहे ना बघा. खोक्यातून काढताना ती हरवते आणि ट्विटर किंवा वूफर मुका राहतो. पट्टी हरवली असेल तर सोललेल्या तांब्याच्या वायरीचा तुकडा तेच काम करतो.

१७. शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलतो म्हणतात. खरं?

कोनाची लवचीक कड पहिल्या काही तासांत थोडी मऊ होते, ते मोजता येतं. त्यानंतर बदलतो तो बहुतेक आपला कान, त्याला नव्या आवाजाची सवय होते. परत करायची मुदत १५ दिवसांची असेल तर शंभर तासांच्या आशेवर ती घालवू नका.

१८. ब्रिटिश, अमेरिकन, इटालियन स्पीकरांचा आवाज वेगळा असतो का?

देशाचा नाही, बांधणीचा फरक असतो. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या कंपनीनं कर्ण्याची वाट धरली, थोड्या वॅटमध्ये मोठा, अंगावर येणारा आवाज. रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात केईएफ सुरू केली. तिथून १९८८ मध्ये ट्विटर कोनाच्या मध्यात बसवलेली रचना आली, जिच्यामुळे खाली-वर कुठेही बसलं तरी आवाज फारसा बदलत नाही. सतरंजीवर बसणाऱ्यांना हा गुण उपयोगी आहे (प्रश्न ७). एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतला फरक कधी कधी दोन देशांपेक्षा मोठा निघतो. नाव बघून आवाज ठरवू नका.

१९. हळदीच्या कार्यक्रमाला अंगणात लावले तर डीजेसारखा दणका येईल?

येणार नाही, आणि स्पीकर जाण्याची शक्यता मोठी. उघड्यावर भिंतींची मदत नसते, बास ओसरतो, मग माणूस आवाज वाढवत जातो. डीजेचे बॉक्स ९७ डेसिबल आणि त्याहून संवेदनशील असतात. ८७ च्या टॉवरला तेवढ्यासाठी दहापट वॅट लागतील. त्या दिवशी भाड्यानं बॉक्स आणा.

२०. रात्री हळू आवाजात लावलं की बास नाहीसा होतो.

कान तसाच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज कमी झाला की खालचे सूर कानाला जास्त वेगानं कमी होतात. ॲम्पवर लाउडनेस नावाचं बटण याच कामासाठी असतं, रात्री ते निःसंकोच वापरा, दिवसा बंद करा. कूलर बंद करता येईल अशा हिवाळ्याच्या रात्री गावात जी शांतता असते ती शहरातल्या महागड्या खोलीलाही मिळत नाही. तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरताना ऐकायचा असेल तर तीच वेळ. कूलर चालू असताना मात्र आवाज वाढवून त्यावर मात करू नका, वरचे बारकावे तरीही झाकलेलेच राहतात.

२१. ४५ अंशांचा उन्हाळा, पावसाळ्याची ओल, उंदीर. काय जपायचं?

कोनाची कड फोमची असेल तर उष्णता आणि ओल मिळून दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. घेताना रबराची कड निवडा. कूलरचा ओला झोत स्पीकरवर थेट नको, कागदी कोन आणि लाकडी पापुद्रा दोन्ही फुगतात. खिडकीचं ऊन नको. ॲम्पच्या वर सहा इंच मोकळी जागा हवी.

बाहेरगावी जाताना पोर्टमध्ये बोळा घालाच. आत उंदीर कापूस-लोकर ओढून घरटं करतो आणि कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. मग बासमध्ये फुसफुस येते आणि कारण सापडत नाही. टॉर्च लावून आत बघा. लादीभोवती उदईच्या मातीच्या रेघा दिसतात का तेही दर महिन्याला बघा, तळाचं लाकूड ती आतून खाते.

२२. जुनी भजनं, ७८ च्या तबकड्यांवरून घेतलेली, महागड्या स्पीकरवर खराब का वाजतात?

खराब वाजत नाहीत, आहेत तशी वाजतात. त्यांत वरचे सूर मुळातच थोडे आणि खरखर भरपूर. फोनचा छोटा स्पीकर ती झाकत होता. ५-६ हजार हर्ट्झच्या वर ट्रेबल तीन-चार डेसिबल उतरवा, दोन्ही चॅनल मोनो करा. खरखर मागे सरकते आणि गळा पुढे येतो.

२३. वडील सत्तरीचे आहेत, एका कानानं कमी ऐकतात. त्यांच्यासाठी स्टिरिओ घेण्यात अर्थ आहे का?

आहे, फक्त मांडणी वेगळी. वय झालं की वरचे सूर आधी जातात, त्यामुळे त्यांना मंद वाटणारा स्पीकर तुम्हाला बरोबर वाटेल. ट्रेबल त्यांच्या पसंतीनं वाढवा, पण टोचतंय का हे तरुण कानानं तपासा. एका कानानं ऐकणाऱ्याला डाव्या-उजव्याचा खेळ कळत नाही आणि एका बाजूचं वाद्य हरवू शकतं. ॲम्पवरचं मोनोचं बटण दाबा आणि त्यांची खुर्ची अशी ठेवा की चांगला कान स्पीकरांकडे आणि कमी ऐकणारा मोकळ्या बाजूला राहील.